सत्त्याण्णव टक्के

मोबाईल पालथे घाला आधी. सगळ्यांनी. गहिनीनाथ, तुझा बी. तोंडावर उजेड पडला की माणूस ऐकत न्हाई, नुसतं हुं हुं करतो. आन् कडंपासून आत सरका, माळवद जुनं झालंय.

मघाशी हा गहिनी म्हणला, नाना, लॅपटॉप लई हळू झालाय, आज राती डिस्क नीट लावायला टाकतो आन् झोपतो. सहज बोलला बिचारा. पण मला इसाक आठवला. आन् इसाक आठवला की माझ्या नाकात तो वास येतो. आता आलाच हाय तर सांगून टाकतो. ज्याला भ्या वाटतं त्यानं आत्ताच खाली जावं, मागून माझ्या नावानं बोंबलू नये.

इसाक बीडचा. चाँदभाई फळवाल्याचा थोरला. बसस्टँडमागच्या बोळात त्याचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान. मी तवा दुधाचा टेम्पो चालवायचो. खेड्यापाड्यांचं दूध गोळा करायचं आन् चौसाळ्याच्या पलीकडं माळावर दूध संघाचं चिलिंग सेंटर होतं, तिथं नेऊन घालायचं. इसाकची नि माझी बसउठ चांगली. ही गोष्ट त्यानं मला एकदाच सांगितली, माझ्याच टेम्पोत बसून, काचा वर करून. परत कधी इचारू दिलं न्हाई.

साल दोन हजार तेरा. मे महिन्याची नऊ तारीख, गुरुवार. चैताची अवस लागलेली. बहात्तरचा दुष्काळ बघितलेली म्हातारी माणसं बी म्हणायची, तवा खायला न्हवतं पण पाणी होतं, औंदा पाणीच न्हाई. जनावरं छावण्यांत, माणसं टँकरच्या मागं. दूध निम्म्याच्या बी खाली आलतं, आन् जे यायचं ते वाटंतच नासायचं. मीच आणायचो की ते. कॅन उघडला की तोंड फिरवावं लागायचं. नासकं दूध कुठं टाकायचं? सेंटरच्या मागं सांडपाण्याचा हौद होता, चांगला दोन पुरुष खोल. त्यात ओतायचं. धुवायला पाणी न्हाई, उपसायला कुणी न्हाई. उन्हानं त्याच्यावर खरवसासारखी पिवळी जाड साय धरायची, आन् ती साय मधूनच हलायची. आत अळ्या. वर माशा. अशी घाण मी जल्मात बघितली न्हाई.

तर त्या दिवशी दुपारी इसाकला फोन आला. भगवानरावाचा. भगवानराव म्हंजी संघाचा सेक्रेटरी, धा गावं त्याच्या शब्दावर उठायची नि बसायची.

"कंप्युटर लई हळू झालाय," म्हणला. "आजच ये. मुक्कामाला ये."

इसाकला बरंच वाटलं. संघाचं काम म्हंजी कायमचं काम. त्यानं बॅग भरली, मोटरसायकलला किक मारली, मांजरसुंब्याचा घाट चढला, चौसाळ्यात दोन केळी खाल्ली आन् दिवस बुडता बुडता माळाच्या कच्च्या रस्त्याला लागला. सेंटर दिसायच्या आधी एक किलोमीटर वास लागला. त्यानं रुमाल तोंडाला बांधला. रुमालातून बी वास येत होता.

गेटाबाहेर एक बाई पोतं हातरून बसलेली. बायनाबाई तिचं नाव. तिचा नवरा हरिबा सेंटरात धुण्यापुसण्याच्या कामाला होता. आठ दिवसांमागं, एक तारखेच्या राती, त्या हौदात पडून मेला. सगळ्यांला तेच सांगितलं गेलं, पिऊन पडला. सकाळी त्याला भाईर काढला तवा तोंडाला दारूचा वास होता. पाच जणांनी हुंगला, माना हलवल्या, झालं.

बाईनं इसाकची बॅग बघितली आन् उठून आडवी आली.

"तुमीच का ते कंप्युटरवाले?"

"हां मावशी."

"त्या खांबावर क्यामेरा हाय. हौदावरच हाय त्येचं तोंड. माझा माणूस माळकरी होता, भाऊ. बत्तीस वर्सं माळ होती गळ्यात. लग्नाच्या वरातीत बी कधी थेंब घेतला न्हाई त्यानं. आन् आता पोरं मला बघून म्हणत्यात, बेवड्याची बायको चालली. मला दुसरं काय बी नको. गावाला एकदा दावायचंय. तो पिलेला न्हवता, एवढंच. ते चित्र निघतं का?"

इसाक पाघळला. मन मऊ होतं त्याचं, मी खोटं बोलणार न्हाई. "असंल तर काढतो, मावशी," म्हणला. "शब्द हाय माझा."

ध्यानात ठेवा हे. शब्द दिला त्यानं.

ऑफिस म्हंजी दहा बाय बाराची खोली. एक खिडकी, ती हौदाच्या बाजूला, गच्च लावलेली. भगवानराव खुर्चीत पसरलेला. दुधाचं फॅट तपासायची काचंची नळी असती ना, तसल्या एका नळीत तो गुटख्याची पिचकारी मारत होता. नळी अर्धी भरलेली. टेबलावर तशा आणखी दोन. इसाकसाठी च्या आला, त्यावर दुधाचे फाटके गोळे तरंगत होते. इसाकनं कप हातात धरून ठेवला, व्हटाला लावला न्हाई.

"कंप्युटर हळू चालतो ते राहू दे," भगवानराव म्हणला. "ते तर हायेच. एक तारखेच्या रातीचं हौदावरचं जे होतं, ते पुसलंय मी. कचऱ्याच्या डब्यातून बी काढलंय. पण ती बाई कलेक्टर कचेरीत अर्ज देऊन आलीय. सोमवारी हा कंप्युटरचा डबाच न्यायला माणूस येणार. आन् आमचा भाचा म्हणतो, पुसलेलं परत काढता येतं. खरंय का?"

"येतं," इसाक म्हणला. "कधी येतं, कधी न्हाई."

"कधी न्हाई येत, ते सांग."

इसाकनं त्याला लग्नाची पंगत सांगितली. आता गहिनी, तू शिकलेला हायेस, चुकलो तर सांग. डिस्क म्हंजी जेवणाचा मांडव. फाईल म्हंजी एका घरची माणसं. मांडव रिकामा असला तर घरचे सगळे शेजारी शेजारी बसतात. भरत आला की जिथं पान रिकामं दिसंल तिथं एकेक जण बसतो. घराचे तुकडे झाले. मग वाढणाऱ्याला एका घरासाठी साऱ्या मांडवभर पळावं लागतं, म्हणून कंप्युटर हळू. आन् तिथं तर चार कॅमेरे. चारी बाहेरचे: गेट, टाक्या, दुधाचा धक्का आन् हौद. रात्रंदिवस चौघंबी एकाच वक्ताला आपली माणसं मांडवात घुसवतात. एक ह्याचा, एक त्याचा, एक तिसऱ्याचा. सगळा काला.

आता कोण कुठं बसलंय हे ठेवायच्या पद्धती निरनिराळ्या. नव्या पद्धतीत दाराशी वही असती. अमक्या घरची माणसं इथं, इथं आन् इथं. घर उठवलं तरी ते पान वहीत बरेच दिवस ऱ्हातं, त्यावरून सगळे सापडतात. जुन्या पद्धतीत दाराशी फकस्त पहिल्या माणसाची जागा. दुसरा कुठं, ते पहिल्याला ठावं. तिसरा कुठं, ते दुसऱ्याला. पुसलं की फाईलच्या नावाचं पहिलं अक्षर जातं, आन् प्रत्येकाला पुढच्याचा इसर पडतो. माणसं मांडवातच असतात. पण कुणाला कुणाचा पत्ता न्हाई.

आणखी एक पद्धत हाय म्हणं, इसाकनं स्वतःच्या दुकानात तीच ठेवलेली. दोन घरांच्या मधी आधीच मोकळी जागा सोडायची, म्हंजी सहसा तुकडेच पडत न्हाईत. स्वतःपुरता शहाणा होता तो.

"आपल्याकडं कोणती?" भगवानरावानं इचारलं.

"कॅमेऱ्याच्या डिस्कवर जुनी. चार वर्सामागं मीच बसवली. तुमचं कॅमेऱ्याचं कार्ड नवीवर चालत न्हवतं."

"म्हंजी माणसं मांडवात हायेत अजून."

"हायेत. त्यांच्या पानावर दुसरं कुणी बसंस्तोवर."

"मग बसव की."

डिस्क नीट लावायची म्हंजी तेच तर असतं. जित्या घरांची माणसं उठवायची, एका जागी आणून बसवायची. बसवताना खाली मेलेल्याचं खरकटं पान हाय का, हे कुणी बघत न्हाई. सकाळपर्यंत मांडव चकाचक. कंप्युटर पळायला लागणार, सोमवारी येणाऱ्या माणसाला काय घावणार न्हाई, आन् कुणी इचारलं तर म्हणायचं, हळू चालत होता, दुरुस्त केला.

"संघाचे सगळे कंप्युटर तुझ्याकडं," भगवानराव उठत म्हणला. "तालुक्यातल्या सगळ्या सोसायट्यांचे. लेखी देतो." नळीत शेवटची पिचकारी मारली. थोडी नळीबाहेर गेली, ती त्यानं बोटानं पुसली आन् तेच बोट इसाकच्या खांद्याला पुसत बाहेर पडला. गाडी गेली. वॉचमन गेटावरच्या खोलीत जाऊन आडवा झाला. दूध न्हाई म्हणून रातपाळी बंदच होती. आवारात इसाक एकटा. आन् गेटाबाहेर ती बाई.

साडेदहाला इसाकनं पुसलेलं शोधायचं आपलं हत्यार काढलं. त्याचं मन दोन्ही डगरीवर. बाईचं चित्र सापडलं तर पेनड्राईव्हवर घ्यायचं, मग डिस्क लावायला टाकायची. ही बी खूष, तो बी खूष. एक तारखेच्या फाईलचं नाव सापडलं. पहिलं अक्षर गेलेलं. पहिला तुकडा निघाला, अकरा सेकंदांचा. हौद, दिवा, दिव्याभोवती पाखरं. माणूस न्हाई. पुढचा धागा तुटलेला.

पण पोरांनो, तुकडे तिथंच होते. इसाकला ते ठावं होतं. एकेक उघडून बघायचा, हौदाचा हाय का गेटाचा हाय ते वळखायचं, ओळीनं जोडायचं. दोन राती लागल्या असत्या, फार तर तीन. डिस्क काढून दुकानात न्यायची, दुसरी घालायची, भगवानरावाला काय कळणार होतं? एवढंच करायचं होतं त्याला. मला सांगताना तो ह्या जागी आला आन् काच खाली करून भाईर थुंकला. तो म्हणला, "नाना, मला झोप आलती."

झोप. ऐका. बाई आठ दिवस पोत्यावर बसलीय, आन् ह्याला झोप आलती. माझा दोस्त होता, पण त्या वक्ताला मला त्याची किळस आली. आन् मीच ते नासकं दूध आणून त्या हौदाला पोचवत होतो, म्हणून माझी बी आली.

मनात म्हणला, मावशीला सांगू, निघालं न्हाई. आन् बटण दाबलं. अकरा वाजून दहा मिनटं.

पडद्यावर एक लांब पट्टी येती. निळं म्हंजी नीट बसलेलं. लाल म्हंजी तुकडे तुकडे झालेलं. पांढरं म्हंजी रिकामं. काम चालू झालं की लाल कमी होत जातं, निळं वाढतं, खाली टक्के सरकतात. इसाकनं दोन खुर्च्या समोरासमोर लावल्या, पाय टाकले, डोळे मिटले.

वासानं जाग आली.

साडेबारा. खिडकी लावलेलीच. पण वास खोलीत होता, असा की जीभंवर बसला. इसाकला वकारी आली, त्यानं टेबलाखालची बादली ओढली. वकला. तोंड पुसून वर बघितलं. त्रेपन्न टक्के. निळं वाढलेलं. पण उजवीकडं, जिथं नुसतं पांढरं पायजे, तिथं लाल रेघा. बारीक बारीक. तो बघत असताना आणखी एक आली. मग आणखी एक.

रिकाम्या जागेत कुणी बसत न्हाई आपोआप. त्याला वाटलं, कॅमेरे चालू ऱ्हायलेत, त्यांचं नवं लिखाण असंल. त्यानं कॅमेऱ्यांचं फोल्डर उघडलं. त्यात एक फाईल होती. नावाचं पहिलं अक्षर न्हाई. मघाशी तिचा अकरा सेकंदांचा तुकडाच होता.

आता चार मिनटांची होती.

बघता बघता पाच झाली.

इसाकनं उघडली. आवाज न्हाई त्या कॅमेऱ्याला. चित्र मागंपुढं उड्या मारत होतं. हौद. मग हौदाच्या अलीकडं उभा हरिबा, गळ्यात माळ, धोतर खोचतोय. मग शिडीवर दोन पाय. मग परत हरिबा, हात जोडतोय. समोरच्याचा नुसता हात दिसतो, बॅटरी धरलेला, हौदाकडं दावतोय. उपसायच्या मोटारीच्या तोंडात नासक्या दुधाचा चोथा अडकला होता. दुसऱ्या दिवशी वरचे सायेब येणार होते, हौद रातीत रिकामा पायजे होता. हरिबा सरळ चालत गेला. पाय कुठं लटपटला न्हाई. शिडी उतरला. सायीत कमरेपर्यंत गेला. वाकला.

परत उठला न्हाई. साय फकस्त हलली.

इसाक सांगत होता, "नाना, टक्के वाढायचे आन् चित्राच्या उड्या कमी व्हायच्या. एकेक तुकडा आपल्या जागी येत होता. मी काय बी करत न्हवतो."

सत्तर टक्क्याला खिडकीबाहेर आवाज आला. जाड कढी पळीनं ढवळावी, तसा.

त्यानं चालू कॅमेरा लावला. चौथा. हौदावरचा. आत्ताचा. हौद दिसत होता. वर साय. त्या सायीला मधोमध भोक पडलेलं.

अठ्ठ्याहत्तर.

हौदाच्या काठावर एक हात होता. नुसता हात. कोपरापर्यंत. त्याच्या पुढं काय न्हाई.

ब्याऐंशी.

शिडीपाशी पाय. हातापासून चार पावलांवर. आपला आपणच उभा.

इसाकनं डोळे चोळले. तुकडे हलत न्हवते. पण दर टक्क्याला ते जवळ आलेले असायचे. जवा बघावं तवा नुसतेच उभे. नजर हटली की... जवळ. त्यांच्यावरून पिवळं काहीतरी ओघळत होतं. अळ्यांसकट.

एक्क्याण्णव.

त्यानं कॅमेरा बंद केला. ती फाईल मात्र चालूच होती. बंद होईना. त्यात आता पहाट झालेली. हरिबाला बाहेर काढून उताणा टाकलेला. तोंड उघडं, आन् तोंडात चोथा. गच्च. एक माणूस त्याच्यावर वाकला. पाठ कॅमेऱ्याकडं. त्यानं दोन बोटं मेलेल्याच्या तोंडात घातली आन् चोथा उकरून काढला. जागा केली. मग बाटली उघडली. ओतली. आत जाईना, गालावरून वाहिली. त्यानं परत बोटं घातली. परत उकरलं. परत ओतलं. बोटं धोतराला पुसली... हरिबाच्याच धोतराला.

शहाण्णव.

तो माणूस आता उठत होता. आता वळणार होता. दिव्याकडंच वळणार होता. आणखी एक तुकडा, की तोंड दिसणार.

आन् दाराशी...

दार लावलेलं होतं. कडी घातलेली. पण मागं कुणीतरी उभं होतं. इसाकला ते कळलं. कुणी शिवलं न्हाई. कुणी बोललं न्हाई. नुसता श्वास. भरल्या तोंडानं घेतात तसा. फरशीवर थेंब पडत होते. एक... मग एक...

इसाक वळला न्हाई.

सत्त्याण्णव.

त्याच्या डोक्यात एकच. शंभर झाले की हा पुरा होणार. पुरा झाला की पुढं येणार. बाई आठवली न्हाई. शब्द आठवला न्हाई. त्यानं कलमा म्हणायचा प्रयत्न केला. खाली वाकला. भिंतीतली वायर मुठीत धरली.

थांब, असं काय कुणी म्हणलं न्हाई. मागचा श्वास फकस्त थांबला. वाट बघितल्यासारखा...

इसाकनं वायर उपटली.

अंधार.

मग मागं फरशीवर घमेलं उलटल्यासारखं काहीतरी सांडलं. एकदम. आन् शांत झालं.

तो उजाडेपर्यंत तसाच, टेबलाखाली, वायर हातात धरून. उजेड आल्यावर बघितलं तर कडी जागच्या जागी. फरशी कोरडी. कंप्युटर चालू केला, डिस्क मेलेली. मधेच वीज तोडली की जुनी पद्धत टिकत न्हाई. दाराशी लिहिलेलं बी गेलं, मांडवातली जिती माणसं बी सैरावैरा. त्या डिस्कवर आता कुणाचंच काय न्हवतं.

भगवानराव आठ वाजता आला. खूष झाला. इसाकची पाठ थोपटली. इसाकनं त्याच्या बोटांकडं बघितलं आन् तसाच बाहेर पडला.

गेटावर बाई उठून उभी ऱ्हायली. "भाऊ?"

"न्हाई निघालं, मावशी," इसाक म्हणला. "काय न्हवतंच त्यात."

बाई रडली न्हाई. खाली वाकली, पोतं झटकलं, घडी घालून काखेत मारलं आन् चौसाळ्याच्या रस्त्यानं चालायला लागली. इसाकची मोटरसायकल तिच्या बाजूनंच गेली. त्यानं बस म्हणलं न्हाई.

घरी गेल्यावर त्याच्या आईनं, जैनबबीनं, त्याला दारातच थांबवलं. कपडे काढायला लावले आन् परसात नेऊन पेटवले. तीन दिवस त्यानं जेवणात दूध, दही, च्या काय घेतलं न्हाई. भाकरीचा वास घ्यायचा आधी, मग घास तोडायचा. संघाचं लेखी पत्र आलं. त्यानं ते टेबलाच्या काचंखाली ठेवलं, दिसंल असं. हे बी सांगतो, लपवत न्हाई.

पंधरा एक दिवसांनी, भर दुपारी, बायनाबाई दुकानात आली. पदराच्या गाठीतून साधा बटणांचा मोबाईल काढला.

"ह्यात पोरानं भजनं घालून दिलती," म्हणली. "ती जाऊन हे आलंय. कसं आलं, त्याला बी कळंना."

इसाकनं कार्ड काढलं, आपल्या कंप्युटरला लावलं. एकच फाईल. नावाचं पहिलं अक्षर न्हाई. सवयीनं त्यानं किती तुकडे हायेत ते बघितलं. एक बी न्हाई. अख्खी, सलग.

लावली. हरिबा माळ घालून सरळ चालत गेला. शिडी उतरला. वाकला. मग पहाट. बोटं. बाटली. पाठमोरा माणूस उठला, वळायला लागला...

आन् तिथं चित्र बदललं. दहा बाय बाराची खोली. टेबल. कंप्युटर. कंप्युटरपुढं पाठमोरा बसलेला एक माणूस. दारात उभं ऱ्हाऊन, उंच माणसाच्या डोळ्यांतून बघावं तसं. कोपऱ्यात वेळ: दहा मे, पहाटेचे दोन चाळीस. तो माणूस वाकतो. वायर धरतो. जरा थांबतो, आन् मान एवढीशी वळवतो, मागं कोण हाय ते कळल्यासारखी. अर्धं तोंड दिसतं. स्वच्छ दिसतं. मग वायर उपटतो. काळं.

"गावानं बघितलं," बायनाबाई म्हणली. "पारावर लावलं, सगळ्यांनी बघितलं. माझा माणूस पिलेला न्हवता, हे कळलं सगळ्यांला. आता कुणी काय म्हणत न्हाई मला." तिनं मोबाईल परत गाठीत बांधला. "ओतणाऱ्याचं तोंड कुठं दिसत न्हाई. तोंड एकच दिसतं त्यात. गाव इचारतं, बाई, हा कोण. म्हणून आले. हे तुमीच न्हवं का, भाऊ?"

इसाकनं तिला काय उत्तर दिलं, ते त्यानं मला सांगितलं न्हाई.

आन् गहिनी, तू इचारायच्या आधीच सांगतो. मी रोज दोन टायमाला त्या ऑफिसात जायचो, पावतीवर सही घ्यायला. त्या खोलीत कॅमेरा न्हवता. दारात न्हवता. कुठंच न्हवता.